रेल्वेच्या साखळीखालचा शब्द: रोजच्या वाचनातून इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढतो

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. पहिलीपासून ते २००० साली आलं. पाचवीची परीक्षा संपली आणि मी आप्पांबरोबर कोयना एक्सप्रेसने मुंबईला निघालो. डब्यात लाल साखळी होती आणि तिच्याजवळ एक पाटी. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून अक्षरं जुळवत जुळवत मी तीच वाचत बसलो. ‘टू स्टॉप ट्रेन पुल चेन’ एवढं झटकन कळलं. पुढची ओळ अडली: ‘पेनल्टी फॉर यूज विदाउट रीजनेबल अँड सफिशियंट कॉज’.

“आप्पा, सफिशियंट म्हणजे?”

“पुरेसं.”

“आणि रीजनेबल?”

“वाजवी.”

“भाजीचा भाव वाजवी असतो तसं?”

“हो. भाव वाजवी असतो, तसं कारणही वाजवी असावं लागतं. टोपी उडाली म्हणून गाडी थांबवायची नाही. हजार रुपये दंड आहे, बघ.”

पुढे कॉलेजात असताना एका महिनाअखेरीला एटीएमच्या पडद्यावर ‘इन्सफिशियंट फंड्स’ उमटलं. हा शब्द मी कधी पाठ केला नव्हता. पण त्याच्या पोटातला ‘सफिशियंट’ मला लगेच दिसला, पुढे लागलेला ‘इन’ दिसला आणि अर्थ लागला. काही वर्षांनी इंग्रजी पेपरात मराठवाड्यातल्या पावसाच्या बातमीत ‘डेफिशियंट’ भेटला. तोही त्याच घरचा वाटला. सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी पाऊस झाला की हवामान खातं त्या भागासाठी हा शब्द वापरतं. पुरेसं, अपुरं, तुटीचं: तीन शब्द माझ्याकडे जमा झाले आणि त्यातला एकही मी वहीत दहादा लिहिला नव्हता.

‘इंग्रजी शब्द कसे वाढवू?’ असं कुणी विचारलं की मला ही पाटी आठवते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, नोकरीत बढती अडलेली माणसं, मुलांचा अभ्यास घेताना अडखळणाऱ्या आया, सगळ्यांचा प्रश्न हाच असतो. बहुतेकांनी पाठांतराची वाट आधी धरून पाहिलेली असते. रोज दहा शब्द, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. पंधरवड्यात वही बंद पडते आणि माणूस स्वतःलाच दोष देतो की आपली स्मरणशक्ती चांगली नाही. ती चांगली असते. शब्द डोक्यात कसा बसतो, एवढंच त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

एखादा शब्द ‘येतो’ म्हणजे नेमकं काय होतं? तुमच्या गल्लीतल्या माणसांचा विचार करा. काहींचा चेहरा ओळखीचा असतो, नाव ठाऊक नसतं. काहींचं नाव आणि काम माहीत असतं. मोजक्यांना रात्री-अपरात्री हाक मारता येते. शब्दांचंही तसंच आहे. आधी चेहरा ओळखीचा होतो, मग अर्थ कळतो, मग तो कुणासोबत वावरतो हे समजतं आणि सगळ्यात शेवटी तो बोलताना आपणहून तोंडात येतो. एका भेटीत हे सगळं होत नाही. साधारण आठ-दहा भेटी लागतात, काही शब्दांना त्याहून जास्त. त्या भेटींमध्ये अंतर असलेलं बरं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून किती दिवसांत किती विसरतं हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निघून जातो, पण थोड्या-थोड्या अंतराने उजळणी झाली की टिकतो, हे त्यातून दिसलं. वाचनात ही उजळणी आपोआप घडते. लेखक तोच शब्द पुन्हा वापरतो, तुम्हाला उजळणीची वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

आता खरी अडचण पाहू. वाचनाने शब्द वाढतात हे ऐकून माणूस उत्साहाने इंग्रजी अग्रलेख उघडतो आणि तिसऱ्या ओळीत थकतो. यात हिशेब आहे. न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांच्या संशोधनानुसार, मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा असेल तर त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एकच शब्द नवा. वर्तमानपत्र किंवा कादंबरी अशी वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे ‘हेल्प’, ‘हेल्पर’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ हे सगळे मिळून एक. दुसरीकडे, इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरातली दोन हजार शब्दकुळं कुठल्याही साध्या मजकुराचा जवळपास ८० टक्के भाग व्यापतात. बारावीपर्यंत शिकलेल्या माणसाला यातली बरीचशी येत असतात. पण ५०० शब्दांच्या लेखात ८० टक्के ओळखीचे म्हणजे शंभर शब्द अनोळखी. शंभर ठिकाणी ठेच लागल्यावर कुणीही पुस्तक मिटणारच.

मग ८० वरून ९८ वर जायचं कसं? एक वाट म्हणजे सोपं वाचणं, तिच्याकडे पुढे येतो. दुसरी वाट मला जास्त मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ती अशी: जो विषय तुम्हाला मराठीत पक्का माहीत आहे, तोच इंग्रजीत वाचा. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दाभोवती उजेड असतो. अर्थ काय असू शकतो आणि काय असूच शकत नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

हे मराठीतच करून पाहू. पुण्याच्या किंवा नागपूरच्या ज्या वाचकाला मालवणी येत नाही, त्याने हे वाक्य वाचावं: “माझो झील मुंबयक कामाक असा, गणपतीक घराक येतलो.” ‘झील’ म्हणजे काय? शब्दकोश न उघडता तुम्ही ‘मुलगा’ म्हणालात. ‘येतलो’ म्हणजे येणार, हेही कळलं. का कळलं? कोकणातला मुलगा मुंबईला नोकरी करतो आणि गणपतीला घरी येतो, हे तुम्हाला आयुष्यभर माहीत आहे. शब्दाचा अर्थ तुमच्या माहितीने लावला. इंग्रजी वाचतानाही हीच माहिती तुमच्या कामी येते, फक्त ती वापरता येईल असा मजकूर निवडायला हवा.

शेतकऱ्याने बाजारभावाच्या आणि पावसाच्या बातम्या वाचाव्यात, नर्सने आजारांची माहितीपत्रकं, क्रिकेटवेड्याने सामन्याचं वर्णन, देवळात कीर्तन ऐकणाऱ्याने पंढरपूरच्या वारीवरचा इंग्रजी लेख. वारीचा लेख वाचताना ‘पॅलँक्विन’ म्हणजे पालखी आणि ‘पिलग्रिमेज’ म्हणजे तीर्थयात्रा हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

पावसाचं उदाहरण जरा जवळून पाहू, कारण जून ते सप्टेंबर ते रोज फुकट मिळतं. मराठी बातमीत आपण वाचतो: ‘कोकण आणि गोव्यात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पावसाची शक्यता.’ वेधशाळेच्या इंग्रजी पत्रकात तीच गोष्ट अशी येते: ‘हेवी टू व्हेरी हेवी रेनफॉल व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस ओव्हर कोकण अँड गोवा’. दोन्ही ओळी शेजारी ठेवा. मुसळधारला ‘हेवी’, शक्यतेला ‘लाइकली’ आणि तुरळकला ‘आयसोलेटेड’. प्रत्येक शब्दामागे मोजमापही आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पाऊस ‘हेवी’ होतो, ११५.६ पासून ‘व्हेरी हेवी’ आणि २०४.४ च्या वर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. भागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस असेल तर ‘आयसोलेटेड’, निम्म्यापर्यंत ‘स्कॅटर्ड’, त्यापुढे ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि तीन चतुर्थांशांच्या वर ‘वाइडस्प्रेड’. चार महिने रोज तेच सात-आठ शब्द, वेगवेगळ्या जिल्ह्यांसाठी, खिडकीबाहेरच्या पावसाशी ताडून बघता येणारे. याहून चांगला धडा कोणत्याही क्लासात मिळणार नाही.

आणि ‘आयसोलेटेड’ एकटा येत नाही. २०२० साली आपण सगळ्यांनी ‘आयसोलेशन वॉर्ड’ ऐकला. या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘इन्सुला’ आहे, म्हणजे बेट. ज्याला बेटासारखं वेगळं केलं, तो आयसोलेटेड. तुरळक ठिकाणचा पाऊस म्हणजे सुट्या सुट्या बेटांवर पडल्यासारखा पाऊस. तारेभोवती वायरमन गुंडाळतो ती ‘इन्सुलेशन टेप’ त्याच मुळातली, आणि ‘इन्सुलिन’ सुद्धा, कारण स्वादुपिंडात ते तयार करणाऱ्या पेशींचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली बेटांसारखे दिसतात. ‘पेनिन्सुला’ म्हणजे जवळजवळ बेट, आपलं द्वीपकल्प. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्या कंपनीच्या नावात, ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’त, हाच शब्द होता. मुळाची ओळख पटली की एका शब्दामागून त्याचं सगळं गणगोत ओळखीचं होतं.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं, त्यांना हा खेळ नवा नाही. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ हे वचन बाईंनी फळ्यावर लिहिलेलं आठवत असेल. धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ दुसरीकडे ओढला जातो: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. इंग्रजीत लॅटिनमधून आलेले हजारो शब्द असेच बनले आहेत. ‘सफिशियंट’, ‘डेफिशियंट’, ‘एफिशियंट’, ‘प्रोफिशियंट’ या चारही शब्दांच्या पोटात ‘करणे’ या अर्थाचा लॅटिन ‘फाकेरे’ हा एकच धातू आहे. ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’, ‘पोर्टेबल’ यांत ‘वाहून नेणे’ आहे. मराठी माणसाला उपसर्गांची जाण घरातूनच मिळालेली असते. ती इंग्रजीकडे वळवायची एवढंच काम उरतं. असे पंधरावीस उपसर्ग आणि तीसेक मुळं नीट ओळखीची झाली, तर पेपरातले अवघड दिसणारे कितीतरी शब्द आपोआप उकलतात.

आपल्याकडे आणखी एक ठेवा आहे. मराठी बोलता बोलता आपण शेकडो इंग्रजी शब्द वापरतो, पण बहुतेकांचा एकच अर्थ आपल्या हाती लागलेला असतो. ‘कर्ज सँक्शन झालं’ म्हणजे मंजूर झालं. मग पेपरात एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्याची बातमी येते आणि गोंधळ होतो, कारण तिथे अर्थ आहे निर्बंध. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज आणि रसही. ‘चार्ज’ मोबाइलचा, हॉटेलच्या बिलातला, पोलिसांनी ठेवलेला आणि लाठीचाही. ‘पेशंट’ आपण दवाखान्यातल्या माणसाला म्हणतो, पण तोच शब्द धीराच्या, सोशीक माणसासाठीही येतो, कारण मुळात अर्थ आहे ‘सोसणारा’. असे शब्द नवे म्हणून शिकायचे नसतात, त्यांचा दुसरा चेहरा ओळखायचा असतो. आणि देवाणघेवाण एकतर्फी नाही, हे मुलांना जरूर सांगावं: इंग्रजीतला ‘मोंगूस’ आपल्या मुंगसावरूनच गेला आहे.

आता शब्दांच्या सोबतीबद्दल. अर्थ माहीत असूनही आपलं इंग्रजी परकं वाटतं ते बहुतेकदा इथे. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून ‘गिव्ह द एक्झाम’ म्हणतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. आपण दिवा ‘बंद’ करतो, म्हणून ‘क्लोज द लाइट’ तोंडात येतं, तिथे ‘स्विच ऑफ’ हवं. आपला चहा कडक असतो, त्यांचा ‘स्ट्राँग’. हे कुठल्याही व्याकरणाच्या नियमात बसत नाही. मराठीत भाकरी थापतात, पोळी लाटतात आणि भात लावतात, हे तरी आपल्याला कुणी नियम म्हणून शिकवलं होतं? कानावर पडत राहिलं आणि बसलं. इंग्रजीत ते काम डोळ्यांनी करायचं. म्हणून वहीत सुटा शब्द आणि त्याचा अर्थ लिहू नका. तो जिथे भेटला ते वाक्य लिहा आणि कुठे भेटला तेही लिहा. माझ्या वहीत ‘अलाइट’ या शब्दापुढे ‘लोकल, दादर’ असं लिहिलंय. उतरणे हा अर्थ मला त्या फलाटासकट आठवतो.

घरातल्या वस्तूही वाचाव्यात. सरबताच्या बाटलीवरचं ‘बेस्ट बिफोर’, किमतीशेजारचं ‘इन्क्लुसिव्ह ऑफ ऑल टॅक्सेस’, खोकल्याच्या औषधावरचं ‘शेक वेल बिफोर यूज’ आणि ‘स्टोअर इन अ कूल अँड ड्राय प्लेस’. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’ असं लिहिलेलं असतं. या एका ओळीत पाच-सहा कामाचे शब्द आहेत. मात्र औषधाच्या बाबतीत अंदाजावर कधीही थांबू नका. ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे फक्त बाहेरून लावायचं, पोटात घ्यायचं नाही, हे पक्कं ठाऊकच हवं. शंका आली तर केमिस्टला विचारा.

बाकी वाचनात शब्दकोश किती वापरावा? माझी पद्धत सांगतो. पहिल्यांदा भेटलेला शब्द मी सोडून देतो, दुसऱ्यांदा पेन्सिलीने रेघ मारतो, तिसऱ्यांदा अर्थ बघतो. तोवर मनात एक अंदाज तयार झालेला असतो आणि शब्दकोश उघडणं म्हणजे त्या अंदाजाची तपासणी होते. अशा वेळी पाहिलेला अर्थ सहज विसरत नाही. कोश निवडताना इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी खास तयार केलेला घ्या. त्यात अवघड शब्दाचा अर्थ सोप्या, साधारण दोन-तीन हजार शब्दांच्या आतल्या इंग्रजीत दिलेला असतो, म्हणजे अर्थ वाचतानाही वाचनच होतं.

अशा कोशांची कल्पना रुजवणाऱ्यांपैकी एक, मायकेल वेस्ट, आपल्याच उपखंडात काम करत होता. १९२० च्या दशकात तो ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होता. बंगालमधली पुष्कळ मुलं इंग्रजीचा अभ्यास अर्धवट टाकून शाळा सोडतात आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही, हे त्याला सलत होतं. त्याने विम्याच्या व्यवहारातला शब्द उचलला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर जी रक्कम हाती येते ती. शाळा मध्येच सुटली तर मुलाच्या हाती काय उरतं? त्याचं म्हणणं होतं की आधी वाचायला शिकवा, कारण वाचता येणारं मूल शाळेबाहेरही शिकत राहतं. त्यासाठी त्याने ठरावीक, मोजक्याच शब्दांत गोष्टी सोप्या करून पाठ्यपुस्तकं लिहिली आणि १९५३ साली सर्वांत उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. मराठी शाळांमधली कितीतरी मुलं दहावीनंतर सुटतात, त्यांचा विचार मनात आला की मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

सोप्या वाचनाची वाट ती हीच. फिजी बेटांवर १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला. चौथी-पाचवीच्या वर्गांना चित्रांच्या, मजेदार इंग्रजी गोष्टींची सुमारे अडीचशे पुस्तकं दिली. फिजीत इंग्रजी घरची भाषा नव्हे. त्या मुलांच्या घरी फिजियन किंवा हिंदी बोललं जायचं. नेहमीच्या पाठांऐवजी रोज थोडा वेळ या गोष्टी वाचणारी मुलं वाचून आणि ऐकून समजण्यात इतर मुलांच्या बरीच पुढे गेली. आपल्याकडे गावात अडीचशे पुस्तकं नसली तरी मोबाइलवर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ फुकट आहे. तिथे कितीतरी गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे मिळतात, पातळीप्रमाणे लावलेल्या. आधी मराठी वाचा, मग इंग्रजी. मोठ्या माणसांनीही यात संकोच करू नये.

वाचनाची एक उणीव आहे, ती उच्चाराची. डोळ्यांनी शिकलेला शब्द तोंडात चुकीचा बसू शकतो. कर्जाच्या ‘डेट’मधला ‘बी’ आणि पावतीच्या ‘रिसीट’मधला ‘पी’ लिहितात पण उच्चारत नाहीत. नवा शब्द आवडला की मोबाइलवरच्या कोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबून एकदा ऐकावा आणि वाक्य मोठ्याने वाचावं. शेजारी कुणी असेल तर अधिक चांगलं.

गेल्या महिन्यात आप्पांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. व्हिटॅमिन डीच्या आकड्याशेजारी, अनेक लॅबच्या रिपोर्टवर असतो तसा, तीन ओळींचा तक्ता होता: डेफिशियंट, इन्सफिशियंट, सफिशियंट. आप्पांनी चष्मा वर सरकवला, बोट मधल्या ओळीवर ठेवलं आणि मला म्हणाले, “म्हणजे अगदीच तूट नाही, पण पुरेसंही नाही. सकाळी गच्चीवर जरा जास्त बसायला पाहिजे.”